दहावरचा उजेड

दुपारचे तीन वाजले की घुबडाच्या डाव्या डोळ्यातून पाणी यायचं. साडेतीनला उजवा डोळा डाव्याला साथ द्यायचा. चार वाजता दोन्ही डोळे म्हणायचे, आता तूच बघ बाबा, आम्ही चाललो.

घुबड हे काही त्याचं जन्माचं नाव नव्हतं. प्रयोगशाळेतल्या पोरीबाळींनी ते ठेवलेलं. एकावन्न वर्षांचा माणूस, चष्मा बशीएवढा, आणि सकाळी दहापासून बिनखिडकीच्या काळोख्या खोलीत मायक्रोस्कोपसमोर बसलेला. दुसरं काय म्हणणार? त्याने राग धरला नाही. उलट दारावर स्वतःच कागद चिकटवला: ‘आत घुबड आहे. दिवा लावणाऱ्याला चावेल.’

हा कागद त्याने मोठ्या बहिणीला फोनवर वाचून दाखवला, ही त्याची चूक. त्या दिवसापासून ताईनेही घुबडच म्हणायला सुरुवात केली. सख्खी बहीण, साठीची, तिला तर आयतंच मिळालं.

काम काय, तर ठिपके मोजायचे. म्हणजे कागदावर तसं काही लिहिलेलं नव्हतं, कागदावर ओळभर लांब नाव होतं. पण घरी विचारलं की तो सांगायचा, ‘ठिपक्यांच्या मागे फिरतो.’ कॅन्सरच्या जिवंत पेशी काचेच्या तळाच्या छोट्या डिशमध्ये वाढवायच्या. त्यांना औषध भरलेले इवलेसे कण खायला घालायचे. इवलेसे म्हणजे केवढे? एका केसाच्या जाडीत हजारभर कण शेजारी शेजारी बसतील आणि वर कुरकुर करतील की जागा फार आहे. एवढं बारीक डोळ्याला कसं दिसणार? म्हणून त्यांच्यावर लेझरचा उजेड टाकायचा. उजेड पडला की कण हिरवे चमकतात. मग हा हिरवा ठिपका पेशीत कुठून कुठे जातो त्याची फिल्म घ्यायची.

पेशीही कमी बनेल नाही. कण आला की ती त्याला गिळते आणि एका पिशवीत कोंडते. पेशीच्या घरातली कचऱ्याची पिशवीच म्हणा, त्यात टाकलं की सावकाश कुजवायचं. कण त्या पिशवीतून सुटला, पेशीच्या गाभ्याशी पोचला, तर औषध लागू. नाही सुटला तर सगळं मुसळ केरात. पिशव्या कळाव्यात म्हणून त्यांना लाल रंग दिलेला. म्हणजे लाल पिशवीत हिरवा ठिपका दिसला की समजायचं, बसलाय आत.

ठिपक्यांचा माग कॉम्प्युटर काढायचा. पण दोन ठिपके जवळ येऊन पुन्हा लांब गेले की तो गोंधळायचा, ह्याला त्याचं नाव द्यायचा. मग घुबडाने एकेक चित्र उघडून हाताने सांगायचं की हा पहिला, हा दुसरा. क्लिक, क्लिक, क्लिक. दोन वर्षं तो हेच करत होता आणि दोन वर्षं ठिपके पिशवीत मांडी घालून बसले होते. उठायचं नाव नाही.

आणि मग गेल्या आठवड्यात ते उठले.

फिल्म सुरू होऊन बारा मिनिटं झाली आणि लाल पिशव्या एकामागून एक फुटायला लागल्या. हिरवे ठिपके पेशीभर पसरले. अर्ध्या तासात पेशी सुजली आणि गेली. मंगळवारी तसं, बुधवारी तसं, गुरुवारीही तसंच. डिशमागून डिश. शुक्रवारी मॅडमनी, म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी, ती फिल्म सहा वेळा पाहिली. एरवी त्या घुबडापेक्षा वयाने दहा वर्षं लहान आणि चेहऱ्याने दहा वर्षं मोठ्या. त्या दिवशी मात्र त्यांनी स्वतःच्या पैशाने सगळ्यांना कॉफी पाजली. पुढच्या शुक्रवारी तपासणी समिती येणार होती, काम चालू ठेवायचं की गुंडाळायचं ते ठरवायला. मॅडम म्हणाल्या, ‘आता बघू, कोण गुंडाळतो!’

घुबडाने जिन्यात उभं राहून ताईला फोन लावला.

ताईच्या पोटात गाठ होती. सहा डोस ठरलेले, त्यातले तीन झालेले. एकेक डोस म्हणजे पाच दिवस आडवं पडणं. नखं काळी पडलेली. तोंडात लोखंड चाटल्याची चव. गाठ लहान होतेय, असं डॉक्टर म्हणत होते. ताई म्हणायची, ‘गाठीचं माहीत नाही, मी मात्र लहान होतेय.’ ती रोज फोनवर न चुकता विचारायची, ‘उठले का रे तुझे ठिपके?’ आणि तो सांगायचा, ‘अजून चहा पितायत.’

त्या शुक्रवारी तो म्हणाला, ‘ताई, उठले!’

पलीकडे ताई नाक ओढून म्हणाली, ‘गुणाचा गं माझा घुबड.’

इथपर्यंत सगळं गोड होतं. रविवारी भावोजींचा फोन आला. हा सज्जन माणूस फोनवर नेहमी कुजबुजतच बोलायचा, जणू बायको शेजारच्या खोलीत नाही, खिशात आहे.

‘ती गुरुवारचा डोस घेणार नाही म्हणतेय.’

‘का?’

‘म्हणते, पुरे झालं. भावाचं औषध निघालंय, दोन-चार महिने थांबते, मग तेच घेते. तू काय सांगितलंस तिला?’

डिशमधलं औषध माणसापर्यंत यायला दहा वर्षं लागतात, आणि तीही आलंच तर. हे त्याने ताईला कधी सांगितलं नव्हतं का? सांगितलं होतं. पण शुक्रवारी जिन्यात तो ते सांगायला विसरला होता. विसरला होता की सांगावंसं वाटलं नव्हतं, हे त्याचं त्यालाच ठाऊक.

‘मी बोलतो तिच्याशी,’ तो म्हणाला. बोलायला वेळ होता. गुरुवार लांब होता.

सोमवारी सकाळी मॅडमनी दारातून डोकं घातलं. ‘समितीच्या चित्राखाली बारीक अक्षरात लिहायला उजेड किती, वेळ किती, ते काढून ठेवा हो. कोणी वाचत नाही, पण नसलं की तेवढंच विचारतात.’

प्रत्येक फिल्मच्या पोटात मशीन आपणहून सगळं लिहून ठेवतं. घुबडाने फाइल उघडली. उजेड: चाळीस टक्के.

त्याने चष्मा पुसला. पुन्हा पाहिलं. चाळीसच.

नियम दहाचा होता. भिंतीवर पिवळ्या पडलेल्या चिकटपट्टीने लावलेला, खुद्द त्याच्याच अक्षरातला: ‘दहाच्या वर नाही.’ दहावर ठिपके दिसतात ते कसे, तर धुक्यातल्या सायकलच्या दिव्यासारखे. म्हणून नेम धरताना सगळेच उजेड वाढवतात, ठिपका नीट सापडला की पुन्हा खाली आणतात. सगळेच करतात. स्वयंपाक करताना गॅस मोठा करून लहान करावा तितकं सवयीचं. गेल्या मंगळवारी तीन वाजता त्याचे दोन्ही डोळे एकदम गळायला लागले होते. त्याने स्क्रीनवरची उजेडाची पट्टी चाळीसवर सरकवली होती, ठिपके सापडले होते, तो डोळ्यांत थेंब घालायला उठला होता. परत येऊन त्याने फिल्म सुरू केली. पट्टी तिथेच राहिली. आणि मशीन इतकं इमानदार की रोज सकाळी चालू केल्यावर आदल्या दिवशीचाच आकडा धरून बसायचं.

म्हणजे पिशव्या कणांनी फोडल्या, की ह्याच्या दिव्याने?

घुबड उठला आणि शेजारच्या खोलीत गेला. तिथे माळीणबाई होत्या. पेशी वाढवणं, त्यांना खाऊपिऊ घालणं हे त्यांचं काम, आणि बाई डिशशी असं बोलायच्या की त्यांच्या स्वतःच्या मुलांना हेवा वाटावा.

‘एक डिश द्या. लाल रंग घातलेली, कणांशिवाय.’

‘रिकामी? ती कशाला हवीय? रिकामीची फिल्म तर दोन महिन्यांपूर्वीच झाली.’

‘ती दहावर झाली.’

‘मग?’

‘मनाच्या शांतीसाठी हवीय हो, बाई.’

‘मन आणि तुमचं?’ माळीणबाई म्हणाल्या, पण डिश दिली. वर बजावलं, ‘जपून. आजच सकाळी खाल्लंय त्यांनी.’

त्याने दार लावलं. उजेड चाळीसवर ठेवला आणि बघत बसला. दोन मिनिटं, पाच मिनिटं. लाल पिशव्या शांत होत्या. आठ मिनिटं झाली. त्याला उगाच आशा वाटायला लागली. अकराव्या मिनिटाला पहिली पिशवी फुटली. मग दुसरी. मग चिवड्याची पुडी फाटावी तसा सगळीकडे लाल भुगा. अर्ध्या तासात पेशी सुजून मेली. एकही कण नाही, औषधाचा एक रेणू नाही, नुसता उजेड.

घुबड खुर्चीत मागे रेलला. त्याला राग आला नाही, रडू आलं नाही. फक्त असं वाटलं की कोणीतरी येऊन आपल्याला ह्या खुर्चीतून उचलावं आणि एखाद्या कपाटात ठेवून द्यावं, हिवाळ्याच्या कपड्यांसारखं.

हे कोणालाही कळलं नसतं. खोटं बोलण्याचा त्याला पन्नास वर्षांचा अनुभव होता आणि इथे तर बोलायचंही नव्हतं. बारीक अक्षरात चाळीसऐवजी दहा लिहायचं, एवढंच. समितीने टाळ्या वाजवल्या असत्या. पण ताईने गुरुवारी घरी बसून त्याच्या औषधाची वाट पाहिली असती. टाळ्यांचा आवाज तिथपर्यंत गेला असता आणि ती आणखी खूश होऊन थांबली असती.

तो मॅडमच्या खोलीत गेला आणि उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं.

मॅडमनी लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं. ‘कोणाकोणाला माहीत आहे?’

‘मला, तुम्हाला आणि त्या मेलेल्या पेशींना.’

‘विनोद नको.’

‘सवय आहे, मॅडम. जात नाही.’

‘दहावरच्या फिल्ममध्ये काय दिसतं?’

‘कण पिशवीत बसलेले दिसतात.’

‘आणि?’

‘बसलेलेच दिसतात.’

मॅडमनी दोन्ही तळवे डोळ्यांवर दाबले. मग हात न काढताच म्हणाल्या, ‘दोन वर्षं. मी समितीला दोन वर्षं बसलेले ठिपके दाखवू?’

‘खरं आहे तेवढंच.’

‘जा तुम्ही. नको, थांबा. आणखी पाच रिकाम्या डिश करा. दहावर, वीसवर, चाळीसवर. मला आकडे हवेत. निदान आपण काय मूर्खपणा केला तो तरी व्यवस्थित दाखवू.’

त्या ‘आपण’ म्हणाल्या. घुबडाला तेवढ्यानेच गलबलून आलं, पण ते त्याने चष्म्याआड सारलं.

मंगळवारी संध्याकाळी तो ताईकडे गेला. ताई सोफ्यावर पाय वर घेऊन बसलेली, डोक्याला पातळ रुमाल. त्याने सगळं सांगितलं: दिवा, पट्टी, चाळीस, रिकामी डिश. ताईने मान हलवत ऐकून घेतलं, अगदी शेवटपर्यंत. मग भावोजींकडे वळून म्हणाली, ‘किती दिलेत ह्याला?’

‘मी?’ भावोजी दचकले.

‘ह्यांनी सांगितलं ना तुला, ताईला घाबरव म्हणून?’

‘ताई, खरंच सांगतोय.’

‘ते तर तू नेहमीच म्हणतोस.’

आता इथे घुबडाची बाजू लंगडी होती. तो सात वर्षांचा असताना ताईचा शाळेचा शेवटचा निकाल लागला. हा धावत घरी आला आणि चेहरा पाडून म्हणाला, ‘ताई, तू नापास.’ ताई दुपारभर गादीत तोंड खुपसून रडली. संध्याकाळी कळलं, वर्गात दुसरी आली. ताईनेही उसनं ठेवलं नाही. आठवड्याने तिने त्याच्या हातात बंद पाकीट दिलं आणि सांगितलं, हेडमास्तरांना नेऊन दे, फार महत्त्वाचं आहे. तो छाती काढून गेला. आत लिहिलं होतं: ‘ह्याला दोन तास कोपऱ्यात उभा करा. का ते त्याला माहीत आहे.’ तेव्हापासून आजवर हिशेब कधी पुरा झाला नव्हता.

‘त्या निकालापासून,’ ताई म्हणाली, ‘तुझ्या तोंडची वाईट बातमी मी अर्धी करून घेते. आणि चांगली पाव.’

‘मग ठिपक्यांची चांगली बातमी अख्खी कशी घेतलीस?’

ताईने रुमालाचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

‘हवी होती म्हणून,’ ती शेवटी म्हणाली. ‘कंटाळा आलाय रे. मरायची भीती वगैरे नाही, ती आपली थोडी आहेच सगळ्यांना. नुसता कंटाळा. ती खुर्ची, ती सुई, ती नर्स म्हणणार छान छान. काय छान, तिचं डोंबल?’

भावोजी स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून उभे राहिले.

‘उद्या ये,’ घुबड म्हणाला. ‘माझ्या खोलीत. डोळ्यांनी बघ.’

‘आणि तिथेही तू काहीतरी रचून ठेवलं असशील तर?’

‘पेशींना शिकवून ठेवायला मी काय सर्कसवाला आहे?’

बुधवारी दुपारी ताई आली. तोंडाला मास्क, अंगात स्वेटर, एका हाताने भिंत धरत. मॅडम स्वतः दारापर्यंत आल्या, ‘या ताई,’ म्हणाल्या आणि दोघांना मोकळं सोडून गेल्या. भावोजी बाहेरच्या बाकावर पाण्याची बाटली मांडीवर घेऊन बसले. ताईने दारावरचा कागद वाचला आणि म्हणाली, ‘अक्षर अजून तसंच. कोंबडीचे पाय.’

काळोखात घुबडाने तिला आपली खुर्ची दिली आणि स्वतः स्टुलावर टेकला. स्क्रीनवर पेशी आली. राखाडी, चपटी, तव्यावर पसरलेल्या पिठासारखी. आत लाल पिशव्या.

‘ही कॅन्सरची?’

‘हो.’

‘दिसायला तर गरीब आहे.’ ताईने मास्क सारखा केला. ‘यात तुझे कण कुठे आहेत?’

‘नाहीतच. ही रिकामी. माळीणबाईंना विचार हवं तर, त्या मला मेल्या तरी पाठीशी घालणार नाहीत.’

त्याने उजेड चाळीसवर नेला. दोघं बघत बसली. ताई मध्येच म्हणाली, ‘तू रोज असाच बसतोस?’ तो ‘हं’ म्हणाला. ‘दिवसभर?’ ‘हं.’ लहानपणी दोघं अशी एका पांघरुणात टॉर्च घेऊन बसायची, आणि तेव्हाही दोघांपैकी एक पाय मारायच्या तयारीतच असायचं.

बाराव्या मिनिटाला पिशव्या फुटल्या.

ताई पुढे वाकली. सगळ्या फुटेपर्यंत वाकलेलीच राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, ‘पुन्हा दाखव.’

त्याने शेजारची दुसरी पेशी घेतली. पुन्हा तेच. ह्या वेळी दहाच मिनिटांत.

‘म्हणजे,’ ताई म्हणाली, ‘औषध नाही, कण नाही. तू नुसता डोळे वटारून बघत बसलास आणि मेल्या.’

‘तसंच.’

‘दृष्ट लागली तुझी.’ तिला हसू फुटलं, हसताहसता खोकला आला, खोकताखोकता डोळ्यांत पाणी. ते पाणी नेमकं कशाचं, ते घुबडाने तपासलं नाही. त्याचे स्वतःचे डोळे तीनपासून गळतच होते.

‘आता खरे दाखव,’ ती म्हणाली. ‘दहावरचे.’

त्याने कणांची डिश ठेवली. ताईने माउस स्वतःच्या हातात घेतला आणि पट्टी सरकवत सरकवत दहावर आणली. स्क्रीन जवळपास काळी झाली. पहिल्यांदा काहीच दिसेना. मग डोळे सरावले तसा एक फिकट हिरवा ठिपका दिसला. मग आणखी दोन. लाल पिशवीच्या आत, जागच्या जागी, किंचित थरथरत.

‘हे का हलतायत?’

‘पाणी हलवतं त्यांना. ते कुठे जात नाहीत.’

‘पण विझलेही नाहीत.’

‘नाही. तसेच आहेत.’

ताई बघत राहिली. किती वेळ, ते त्याने घड्याळात पाहिलं नाही. शेवटी ती म्हणाली, ‘बंद कर तो दिवा. जरा पडू दे त्यांना निवांत.’

त्याने दिवा बंद केला. काळोखात तिचा हात चाचपडत आला, त्याचा कान सापडला, आणि तिने तो जोरात पिळला.

‘हा निकालाचा,’ ती म्हणाली. ‘चाळीसचा पिळणं बाकी आहे.’

गुरुवारचं मात्र ती एक अक्षर बोलली नाही. बाहेर येऊन भावोजींच्या हातातली बाटली घेतली, दोन घोट पाणी प्यायली आणि भिंत धरत निघून गेली. त्यानेही विचारलं नाही. विचारलं असतं तर तिने मुद्दाम उलटं उत्तर दिलं असतं, आणि मग त्या उलट्याला धरून राहिली असती.

गुरुवारी सकाळपासून तो मॅडमचे आकडे जुळवत होता. उद्या समिती. दहावर बसलेले ठिपके, वीसवर शाबूत पिशव्या, चाळीसवर स्वतःच्या हाताने घातलेला घोळ. सकाळी मॅडम येऊन बघून गेल्या होत्या आणि ‘गुंडाळतील’ एवढंच म्हणाल्या होत्या, पाऊस पडेल म्हणावं तशा सुरात. पण चाळीसचा तक्ता त्यांनी सगळ्यात वर लावला होता.

साडेअकराला फोन वाजला. ताई.

‘घुबडा, मी गेले नाही हो.’

त्याच्या हातातला माउस तसाच राहिला.

‘घरीच आहे. मस्त चहा ठेवलाय. ह्यांना सांगितलं, मला नाही यायचं, तुम्हीच जाऊन बसा त्या खुर्चीत.’

तेवढ्यात तिच्या आवाजामागे कुठेतरी मशीन टुंग, टुंग, टुंग वाजलं आणि एका बाईचा आवाज आला, ‘ताई, हात सरळ ठेवा बघू. छान, छान.’

पलीकडे ताईने घाईघाईने फोन झाकला. झाकलेल्या फोनमधूनही तिचं पुटपुटणं ऐकू आलं, त्यात ‘डोंबल’ एवढा शब्द स्पष्ट होता.

घुबडाने चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि डोळे मिटून घेतले.

‘काय रे?’ ताई परत आली. ‘गप्प का? रागावलास?’

‘नाही गं,’ तो म्हणाला. ‘काय करणार. तू ऐकणार थोडीच.’

‘नाहीच ऐकणार.’

‘चहात साखर कमी घाल.’

‘तू नको शिकवू,’ ताई म्हणाली. तिचा आवाज थकलेला होता, आणि त्याच्या तळाशी कुठेतरी ती आपल्यावरच खूश होती. ‘ठेवते. दूध उतू जाईल.’

टुंग, टुंग, टुंग. तिला फोन नीट बंद करता आला नव्हता, सुई लागलेल्या हाताने जमत नसेल. घुबडाने आपला फोन टेबलावर तसाच चालू ठेवला. मग चष्मा घातला, पुढची डिश ठेवली, पट्टी दहावर आहे ना ते बोट लावून पाहिलं, आणि काळ्या स्क्रीनमध्ये ठिपका दिसायची वाट बघत बसला.